टोप एक, ताटल्या चार

घरात एकच कुत्रा असला की तो जेवला की नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तीन-चार असले की कुणालाच कळेनासं होतं, आणि एकत्र वाढणाऱ्या कुत्र्यांची बरीच दुखणी नेमकी तिथेच लपून राहतात. ज्यांच्या दारात एकाहून जास्त कुत्री आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं घर संगमेश्वरजवळच्या एका वाडीत. म्हातारा वाघ्या, धिप्पाड मोत्या, चिंगी आणि तिची लेक भुरी. चौघांचं अन्न घरात शिजतं. सकाळी चुलीवर मोठा टोप चढतो. त्यात कण्या, कोंबडीचं मांस, लाल भोपळा नाहीतर दुधी. पूर्वी टोप निवला की खळ्यात चार ताटल्या शेजारी शेजारी मांडायच्या, वाढायचं आणि जो तो आपल्या कामाला लागायचा. थोड्या वेळाने ताटल्या उचलायला गेलं की चारही लख्ख.

एका श्रावणात चिंगीच्या नाकातून रक्त आलं. त्याआधी ती जरा गप्प होती, पण धो धो पावसात चौघंही पडवीत मुटकुळं करून पडलेली असतात, त्यामुळे वेगळं काही जाणवलं नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिची हिरडी दाबून पाहिली. पांढुरकी. अंगात ताप होता, रक्त तपासलं तर प्लेटलेट फार उतरलेल्या. गोचीड ताप. डॉक्टरांनी विचारलं, "ही शेवटची पोटभर कधी जेवली?" आईने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने माझ्याकडे. "ताटल्या तर रोज साफ असतात हो, डॉक्टर," आई म्हणाली. ते खरंच होतं. चिंगी दोन घास खाऊन बाजूला व्हायची आणि तिची ताटली मोत्या साफ करायचा. तिच्या दाट केसांखाली बरगड्या लागत होत्या, मोत्याची कंबर दिसेनाशी झाली होती, आणि या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्या दिवशी समजलं. महिनाभर औषध चाललं. चिंगी वाचली.

तेव्हापासून टोप एकच, पण जागा चार. वाघ्या पडवीत, मोत्या गोठ्याच्या खांबाशी बांधून, भुरी खळ्यात, चिंगी मागीलदारी. चौघांचं संपेपर्यंत घरातलं एक माणूस तिथे उभं राहतं. पंधरा-वीस मिनिटांत जे उरेल ते उचलायचं. दुसऱ्याच्या पुढ्यात सरकवायचं नाही, कितीही जिवावर आलं तरी. कोण कमी जेवलं त्याच्या नावापुढे भिंतीवरच्या कालदर्शिकेत खूण करायची. सकाळी वहिनी वाढते, संध्याकाळी मी. ती खूण नसेल तर एकीने पाहिलेलं दुसरीला कळत नाही. याचा आणखी एक फायदा झाला. वाघ्याचे दात झिजलेत, तो सावकाश खातो. आता त्याला कुणाची घाई नाही आणि जेवणावरून होणारी भांडणं जवळजवळ थांबली.

एका वेळेला कुत्रं जेवलं नाही तर मी फार घाबरत नाही. लागोपाठ दोन वेळा तोंड फिरवलं की मात्र तपासते. आधी हिरडी: बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. मग ताप. हात लावून "अंग कढत आहे" म्हणण्यात अर्थ नसतो, कारण निरोगी कुत्र्याचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. त्यांच्यासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवावा आणि गुदद्वारातून मोजावा. लघवी गडद, चहासारखी दिसली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जावं. आपल्या तापाची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, दोन्हींनी कुत्री दगावतात.

आता किती घालायचं. २० किलोच्या कुत्र्याला १० किलोच्या कुत्र्याच्या दुप्पट अन्न लागतं असं कुणालाही वाटेल, पण ते पावणेदोन पटीच्याही आत पुरतं. शरीर मोठं तशी किलोमागची गरज कमी. डावाने अंदाजे वाढलं की मोठा कुत्रा सुटतो आणि लहान उपाशी राहतो, तो याच कारणाने. नसबंदी झालेल्या मादीला आणखी थोडं कमी लागतं. वजन करायला फार खटाटोप नको: कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. मोत्यासारखा उचलत नसेल तर बरगड्यांवरून हात फिरवायचा. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत.

टोपात काय आहे, याकडे मात्र नीट थांबून पाहायला हवं. घरचं अन्न ताजं असतं, पण तेवढ्याने ते पुरेसं होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती अन्नाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी भरला. त्यातल्या कितीतरी पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. आपल्याकडच्या भात-चिकनमध्ये पहिली उणीव कॅल्शियमची. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं. ते अन्नातून आलं नाही तर शरीर हाडांतून काढून घेतं. शेजारच्या वाडीत एक पिल्लू प्रेमाने निव्वळ बोनलेस चिकन आणि भातावर वाढवलेलं होतं. त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले.

शिजवलेली हाडं हा यावरचा उपाय नव्हे. त्यांच्या टोकदार कपच्या उडतात आणि आतडी फाटतात. आम्ही अंड्याची टरफलं उकळून, तव्यावर कोरडी करून मिक्सरमध्ये मैद्यासारखी दळतो. एका टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. १० किलोच्या वाढ झालेल्या कुत्र्याला दिवसाला अर्ध्या चहाच्या चमच्याहून कमीच पूड पुरते. पिल्लांचं आणि गाभण मादीचं गणित वेगळं. तिथे प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्यावं, कारण मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्त कॅल्शियमही बाधतं.

दुसरी गोष्ट ऐकून आमच्या आईला फार नवल वाटलं. आपल्यासारखं कुत्र्याला उन्हातून पुरेसं 'ड' जीवनसत्त्व बनवता येत नाही. दिवसभर खळ्यात ऊन खात पडला म्हणून हाडं भक्कम होत नाहीत. ते जीवनसत्त्व पोटातूनच जावं लागतं. कोकणात त्याची सोय सोपी आहे: तारली किंवा बांगडा मीठ-मसाल्याशिवाय उकडून, काटे काढून, आठवड्यातून एक-दोनदा. सोबत अंड्याचा बलक. कलेजी थोडीच घालावी, रोज भरपूर घातली तर 'अ' जीवनसत्त्व साचतं. एवढं करूनही जस्त, आयोडीन, 'ई' जीवनसत्त्व यांची तूट राहू शकते, म्हणून रोजचा टोप कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवावा आणि त्यांनी सुचवलेली पूरक पावडर घ्यावी.

गोचिडांबद्दल एवढंच सांगते की कुत्रं स्वच्छ केलं म्हणजे काम झालं असं नाही. मादी गोचीड रक्त पिऊन उतरते आणि भिंतीच्या भेगेत, गोणपाटाखाली हजारो अंडी घालते. चौघांना एकाच दिवशी औषध आणि त्याच दिवशी पडवीची साफसफाई, तरच उपयोग. रॉकेल, फिनेल अंगाला चोळू नका. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. रेबीजची लस दरवर्षी, चौघांनाही. त्यात सबब नको.

राहिला सणासुदीचा प्रश्न. गणपतीत मुंबईची माणसं येतात, घर भरतं, आणि पोरंबाळं हौसेने कुत्र्यांना काहीबाही घालतात. रश्श्यातला कांदा-लसूण शिजवला तरी त्याचं विष जात नाही; त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि ते कळायला काही दिवस लागतात. मटणाच्या चरबीने स्वादुपिंड सुजतं. लाडू-शिऱ्यातल्या बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावं. कुणी वाईट वाटून घेत नाही. तरीही कुत्र्याने खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, मिठानेच विषबाधा होते. काय, किती आणि किती वाजता खाल्लं ते लिहून घ्या, सरळ डॉक्टरांना फोन लावा आणि निघा. कुणी खाल्लं हे नक्की माहीत नसेल, तर चौघांनाही गाडीत घाला.