दिवसाचा उजेड आणि रात्रीचा दिवा

प्रकाशाचे कार्य कोणते, असा प्रश्न केला असता बहुतेक मंडळी 'वस्तू दिसणे' असेच उत्तर देतील. हे उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. अन्न ज्याप्रमाणे केवळ जिव्हेच्या तृप्तीसाठी नसून देहाच्या पोषणासाठी असते, त्याप्रमाणे प्रकाशही केवळ दृष्टीसाठी नसून देहाच्या व्यवस्थेसाठी असतो. तो कोणत्या वेळी, किती आणि कोणत्या जातीचा मिळतो, यावर आपली झोप, हुशारी, हाडांची बळकटी आणि मुलांची दृष्टी ही बऱ्याच अंशी अवलंबून असतात. हाच विषय आम्ही प्रस्तुत लेखात आपल्या वारासिवनीच्या घरांपुरता मांडीत आहोत.

देहातील घड्याळ

मनुष्याच्या मेंदूत, दोन्ही नेत्रांच्या मज्जातंतू जेथे एकमेकांस छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. निद्रा, जागृती, शरीराची उष्णता, भूक इत्यादींचे वेळापत्रक तो सांभाळतो. या घड्याळाचे चक्र चोवीस तासांहून थोडे मोठे, म्हणजे सरासरीने सुमारे २४ तास ११ मिनिटांचे असते. अर्थात ते दररोज थोडे मागे पडू पाहते व दररोज जुळवून घ्यावे लागते. ते जुळवितो तो सकाळचा उजेड.

हा उजेड मेंदूस कळतो कसा? नेत्राच्या दृष्टिपटलावर रूप व रंग ओळखणाऱ्या पेशी आहेत हे पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु २००२ साली असे सिद्ध झाले की, त्याच पटलावर आणखी एका जातीच्या पेशी असून त्या स्वतः प्रकाश टिपतात व मेंदूतील घड्याळास 'दिवस आहे' एवढीच वार्ता पोहोचवितात. त्यांना निळसर प्रकाश सर्वांत अधिक जाणवतो. ज्यांच्या नेत्रांतून प्रकाशाची कसलीच वार्ता मेंदूकडे जात नाही, अशा कित्येक अंध व्यक्तींची झोप दररोज थोडी थोडी सरकत जाते. मात्र ज्या अंधांच्या या पेशी शाबूत आहेत, त्यांचे घड्याळ दिसत नसूनही बरोबर चालते. दृष्टी आणि प्रकाश या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

अंधार पडू लागला म्हणजे मेंदूतील एक ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे द्रव्य स्रवू लागते. १९५८ साली अमेरिकेत या द्रव्याचा शोध लागला. 'रात्र झाली' ही दवंडी ते सर्व शरीरभर पिटते. रात्री तीव्र प्रकाश नेत्रांवर पडला की ही दवंडी थांबते. देहातील या घड्याळाची अंतर्गत रचना उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

उजेडाचे माप

प्रकाश मोजण्याचे एकक लक्स होय. भर उन्हात सुमारे एक लक्ष लक्स प्रकाश असतो. आभाळ दाटलेल्या दिवशीही उघड्यावर हजारो लक्स मिळतात. उलट दिवे लावलेल्या आपल्या बैठकीच्या खोलीत शे-दोनशे लक्स, तर माजघरात पुष्कळदा त्याहूनही कमी. पौर्णिमेचे चांदणे अर्ध्या लक्सलाही पोहोचत नाही.

हे आकडे पाहिल्यावर आजच्या घरांचा दोष चटकन ध्यानी येतो. दिवसा आपण घरात बसतो, तेव्हा देहास दिवस पुरता कळत नाही. आणि रात्री दिवे व मोबाईल यांच्यामुळे त्यास रात्र पुरती कळत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, झोपेपूर्वी दोनशे लक्सहूनही कमी, म्हणजे घरातील नेहमीच्या दिव्यांच्या उजेडात बसलेल्या माणसांत मेलॅटोनिनचा काळ मंद उजेडात बसलेल्यांच्या मानाने सुमारे दीड तासाने घटला. ज्यास आपण साधा दिवा समजतो, तो देहाच्या दृष्टीने साधा नसतो.

रंगाचा प्रश्न

वारासिवनीची हातमागाची साडी घेताना जाणती गृहिणी ती दुकानाच्या पायरीवर, उजेडात आणून पाहते. कारण सूर्यप्रकाशात सर्व रंग अखंड असतात, तर दिव्याच्या प्रकाशात काही अधिक व काही उणे असतात. आजचा पांढरा एलईडी दिवा मुळात निळा असतो. त्यावरील पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो. निळ्या एलईडीच्या शोधास २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले व त्यामुळे विजेची मोठी बचत झाली, हा उपकार मान्यच आहे. तथापि दिव्याच्या खोक्यावर ६५०० के असे लिहिले असेल तर त्यात निळा अंश पुष्कळ, आणि २७०० के असेल तर तो पिवळसर व निळा अंश कमी, एवढे ओळखून दिवा घ्यावा. पहिला दिवसाच्या कामास योग्य, दुसरा सायंकाळनंतर शयनगृहास.

ऊन आणि हाडे

ड जीवनसत्त्वाविषयी एक समज दुरुस्त करणे अगत्याचे आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते भरपूर मिळते, असे आपण ऐकत आलो. कोवळे ऊन घड्याळ जुळविण्यास उत्तम. परंतु ज्या अतिनील किरणांनी त्वचेत हे जीवनसत्त्व बनते, ते सूर्य क्षितिजाजवळ असता फारच थोडे पोहोचतात. काचेतूनही ते येत नाहीत. साधी खूण अशी : आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हा ते किरण पुरेसे असतात. आपल्या गावी मे महिन्याच्या अखेरीस व जुलैच्या मध्यास सूर्य मध्यान्ही माथ्यावर येऊन सावली पायाखाली जाते, आणि डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही मध्यान्हीची सावली उंचीएवढीच असते. म्हणजे निसर्गाने आपणांस काही उणे केलेले नाही. पुण्यातील पुरुषांवर केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे जीवनसत्त्व पुरेसे राहण्यास दररोज निदान तासभर दुपारच्या उन्हात वावर लागतो, असे आढळले. उन्हाळ्यात मात्र उष्माघाताचे भय असल्याने दुपार टाळावी. त्या दिवसांत सकाळी नऊनंतर सावली आखूड झालेलीच असते.

मुले, वृद्ध आणि रातपाळी

चीनमधील ग्वांगझू शहरात काही शाळांतील मुलांस दररोज चाळीस मिनिटे अधिक बाहेर नेण्यात आले. तीन वर्षांनंतर त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांस लघुदृष्टी जडली, तर इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के निघाले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. खेळाचा तास कापून शिकवणीस जोडणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

वृद्धांची झोप पहाटे तीनलाच उडते, ही घरोघरची तक्रार. वयोमानाने नेत्रातील भिंग पिवळे पडून आत जाणारा निळा प्रकाश घटतो. त्यात दिवसभर माजघरात बसणे व दुपारी डुलकी घेणे यांची भर पडते. अशांची खुर्ची ओसरीवर आणणे, हा पैसा न लागणारा उपाय प्रथम करून पाहावा.

आपल्याच जिल्ह्यात भरवेली येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. खाली उतरलेल्या कामगारास पाळी संपेपर्यंत सूर्य दिसत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रातपाळीचे काम हे कर्करोगास बहुधा कारण होणाऱ्या गोष्टींत गणले आहे. रातपाळी टाळणे सर्वांच्या हाती नसते. परंतु रातपाळीहून आलेल्या माणसास दिवसा काळोखी व निःशब्द खोली देणे घरच्यांच्या हाती निश्चित आहे. तो आळशी आहे म्हणून झोपत नसतो, हे मुलांसही समजावून सांगावे.

आचरण

सारांश, दिवस उजळ आणि रात्र अंधारी, हेच सूत्र होय. उठल्यावर अर्धा तास अंगणात किंवा गच्चीवर वावरावे. सूर्याकडे मात्र टक लावून पाहू नये. मुलांनी अभ्यास खिडकीजवळ व खेळ मैदानात करावा. तिन्हीसांजेस देवापुढे समई लागली की घरातील भडक दिवे एकेक उतरवावेत; समईचा पिवळा, मंद प्रकाश रात्रीच्या स्वागतास पुरेसा आहे. निजण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवावा व शयनगृहात दिवा जळत ठेवू नये. वृद्धांस रात्री उठावे लागत असल्यास जमिनीलगत एक तांबूस मंद दिवा पुरे. ज्यांची हाडे दुखतात अथवा झोप महिनोन्‌महिने लागत नाही, त्यांनी केवळ उन्हावर विसंबून न राहता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आमची सभासद कुटुंबांस एवढीच विनंती आहे की, येत्या पंधरवड्यात प्रथम घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीची आणि सर्वांत लहान विद्यार्थ्याची बसण्याची जागा पाहावी, आणि ती उजेडात हलवावी.