काचेच्या टाकीतील पाण्याची अल्कता

शोभिवंत मासे पाळण्याची आवड आता शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही अशा माशांची दुकाने दिसतात आणि अनेक शाळांच्या विज्ञान-कक्षात काचेची टाकी आढळते. या टाक्यांबाबत एक तक्रार मात्र वारंवार ऐकू येते. सहा-आठ महिने मासे उत्तम राहतात. मग सुटी संपल्यावर कोणीतरी कर्तव्यबुद्धीने सगळे जुने पाणी काढून स्वच्छ ताजे पाणी भरतो आणि दुसऱ्या दिवशी मासे मेलेले आढळतात. दोष बहुधा नळाच्या पाण्यातील क्लोरीनला दिला जातो. काही वेळा तो खराही असतो. परंतु क्लोरीन उडून गेलेले पाणी वापरूनही असे घडते, तेव्हा कारण पाण्याच्या अल्कतेत शोधावे लागते.

सामू आणि अल्कता या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. सामू हा पाणी आज किती आम्ल वा विम्ल आहे ते सांगतो. ती स्थिती टिकवून धरण्याची पाण्याची शक्ती म्हणजे अल्कता होय. ही शक्ती मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे येते आणि ती कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात, दर लिटरला मिलिग्रॅम अशी मोजतात. कणगीतून रोज धान्य काढले जात असता ताटातील भाकरी पाहून कणगीचा अंदाज येत नाही. तसेच केवळ सामू पाहून अल्कतेचा अंदाज येत नाही.

टाकीत हा साठा रोज खर्च होतो. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. वाळूत व गाळणीत वाढणारे उपकारक जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या क्रियेत आम्ल निर्माण होते, आणि अमोनियातील १ मिलिग्रॅम नायट्रोजनामागे सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कता नाहीशी होते. साठा असेपर्यंत सामू फारसा हलत नाही. तो संपत आला की सामू झपाट्याने घसरतो. पाणी आम्ल झाले की जीवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. आम्ल पाण्यात तो बहुतांशी अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात असल्याने मासे वरवर ठीक दिसतात. अशा टाकीत एकदम विहिरीचे विम्ल पाणी भरले की तळाच्या वाळूत, गाळणीत व उरलेल्या पाण्यात राहिलेल्या अमोनियमचे विषारी अमोनियात रूपांतर होते. २५ अंश सेल्सिअस तापमानात सामू ७ असता विषारी भाग सुमारे अर्धा टक्का असतो. सामू ८ होताच तो पाच टक्क्यांवर जातो. त्यात सामू एकाएकी बदलल्याचा धक्का निराळाच.

पाणी कोठले, यालाही महत्त्व आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधील, विशेषतः चुनखडीच्या भागातील विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन आणि भरपूर अल्कतेचे असते. कोकणात जांभ्या दगडाच्या प्रदेशात ते सुफेन व अल्प अल्कतेचे असते. पावसाचे पाणी आणि हल्ली गावोगावी मिळणारे आर.ओ. यंत्राचे पाणी यांत अल्कता जवळजवळ नसतेच. पिण्यास शुद्ध ते माशांना उत्तम, या समजुतीने नुसते आर.ओ.चे पाणी टाकीत भरणारे पुष्कळ आहेत.

परीक्षण

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत हे परीक्षण सहज होते. शंकूपात्रात १०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात मिथिल ऑरेंजचे दोन-तीन थेंब टाकावेत. पाणी पिवळे होते. ब्युरेटमधून ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडीत पात्र हलवीत राहावे आणि पिवळा रंग नारिंगीकडे झुकताच थांबावे. लागलेल्या आम्लाच्या मिलिलिटरला १०ने गुणले की अल्कता मिळते, ४.५ मिलिलिटर लागले तर ४५. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास तो दर्शकाचा रंगच उडवतो, म्हणून आधी सोडियम थायोसल्फेटचा एक थेंब घालावा. विरल आम्ल शिक्षकांनीच तयार करावे. तीव्र आम्ल विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

प्रयोगशाळा नसेल तेथेही अडत नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनखाली गावांना दिलेल्या क्षेत्रीय तपासणी संचात अल्कतेची चाचणी असते, आणि प्रत्येक गावातील पाच महिलांना तो वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरी पाण्याचा अहवाल असल्यास त्यातील एकूण अल्कतेचा आकडाही पाहता येईल. पिण्याच्या पाण्याच्या २०१२च्या भारतीय मानकात ही मर्यादा २००, आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० आहे. ती माणसांसाठी आहे. गप्पी, मॉली, गोल्डफिश अशा सामान्य माशांच्या टाकीत ८० ते १५० अल्कता समाधानकारक समजावी. ॲमेझॉनच्या सुफेन पाण्यातील निऑन टेट्रासारख्या माशांना याहून कमी चालते, किंबहुना तेच मानवते. नवशिक्याने त्यांच्या वाटेस न गेलेले बरे.

जतन

आठवड्याला एक-चतुर्थांश पाणी बदलणे हा सर्वांत साधा उपाय. बाहेरचे पाणीच अल्प अल्कतेचे असेल तर गाळणीत स्वच्छ धुऊन उकळलेल्या शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत ठेवावा. सामू उतरू लागला की तो सावकाश विरघळतो.

तातडीची गरज असेल तर खाण्याचा सोडा वापरावा. धुण्याचा सोडा किंवा कळीचा चुना टाकीत कधीही घालू नये, त्याने सामू एकदम चढतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत वाळू-दगड वजा जाता सुमारे ५० लिटर पाणी मावते. त्याची अल्कता ४०वरून ८०वर नेण्यास ३.४ ग्रॅम सोडा लागतो, चहाच्या सपाट चमच्याहून काहीसा कमी. तो वाटीभर पाण्यात विरघळवून तीन दिवसांत विभागून घालावा.

बरेच दिवस दुर्लक्षित राहिलेल्या टाकीत मात्र सोड्याचीही घाई करू नये. प्रथम दोन दिवस खाद्य बंद ठेवावे, रोज एक-दशांशच पाणी बदलावे आणि अल्कतेची नोंद वहीत तारीखवार करीत जावे. आठ-दहा दिवसांनी आकडा ५०च्या वर स्थिरावला आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत नसले, की नेहमीचा क्रम पुन्हा सुरू करण्यास हरकत नाही.