जुनी 'सॅन स्टॉर्म' रोज चालवावी का?

प्रश्न : गोव्यात बनलेली जुनी 'सॅन स्टॉर्म' स्वस्तात मिळतेय. चंद्रपूर-गडचिरोली रोजच्या येण्याजाण्याला परवडेल का?

उत्तर : हौस म्हणून जरूर घ्या, रोजची गाडी म्हणून नको. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं. पार्टसाठी शोधाशोध ठरलेली. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर आधी तोच बदला. तुटला तर वाटेतल्या मूलच्या जंगलात गाडी जागीच उभी! इथला मे ४५ अंशांपुढे जातो. जुने रबरी होजपाइप तडकतात. रेडिएटर, पंखा, कूलंटवर हात आखडू नका. बॉडी फायबरची, गंजत नाही. खालची लोखंडी चासी मात्र लिफ्टवर चढवून पाहा. १५ वर्षं उलटलेली गाडी, त्यामुळे आरसीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्सही हिशेबात धरा. आणि सीट दोनच आहेत. घरी विचारलंत ना?