मुलाला फुटबॉलपटू व्हायचंय? आधी अराता इझुमीची वाटचाल समजून घ्या

‘सर, दहावीत आहे, पण सगळं लक्ष फुटबॉलमध्ये. यात करिअर आहे का?’ वाघोली-केसनंद भागातले पालक हा प्रश्न आता वरचेवर विचारतात. मुलाला युरोप दिसत असतो, आईवडिलांना वाया जाणारी वर्षं. दोघांनीही पुण्यात खेळून गेलेल्या एका मूळच्या जपानी खेळाडूकडे बघावं, असं मी सांगतो.

अराता इझुमीचा जन्म 1982 चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. मित्सुबिशी मिझुशिमा हा कंपनीचा संघ आणि सिंगापूरच्या लीगमधला अल्बिरेक्स निगाता इथे खेळून तो 2006 मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आला. पुढे मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि 2009 मध्ये पुणे एफसी. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि 2013 मध्ये भारताची जर्सी घातली. खेळणं थांबल्यावर तो प्रशिक्षक झाला आणि नवी मुंबईच्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमीत मुलांना शिकवू लागला.

यात मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची निवड. मोठ्या नावामागे न धावता जिथे सामने खेळायला मिळतील तिथे तो गेला, मग तो देश फुटबॉलसाठी प्रसिद्ध असो वा नसो. बाकावर बसून कुणी खेळाडू घडत नाही.

आता कटू बाजू. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी हे पुण्याचे तिन्ही मोठे संघ 2019 पर्यंत संपले. 2025-26 च्या हंगामात तर व्यावसायिक कराराच्या तिढ्यामुळे इंडियन सुपर लीगच (आयएसएल) लांबली. खेळाडू कितीही चांगला असला, तरी क्लब त्याच्या हातात नसतो. म्हणून शिक्षण सोडून फुटबॉल, हा सल्ला मी कुणालाही देत नाही.

पदवीमुळे खेळ मागे पडतो, ही भीतीही खरी नाही. जपानचा फुटबॉलपटू काओरू मितोमा याला अठराव्या वर्षी तिथला कावासाकी फ्रोन्ताले हा क्लब व्यावसायिक करार देत होता. त्याने तो नाकारला, त्सुकुबा विद्यापीठात शिकला, ड्रिब्लिंगवर प्रबंध लिहिला आणि 2020 मध्ये त्याच क्लबकडून खेळू लागला. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या ब्रायटनने त्याला घेतलं, पण वर्क परमिट नव्हतं म्हणून आधी एक हंगाम बेल्जियममध्ये खेळायला पाठवलं.

‘परदेशात ट्रायल’ म्हणून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. फिफाच्या नियमानुसार, मोजके अपवाद वगळता, 18 वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबमध्ये बदली होत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी परदेशी क्लबमध्ये भरती करून देतो म्हणणारा बहुतेक वेळा फसवत असतो. एजंट म्हणवणाऱ्याकडे फिफाचा परवाना मागा. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. परवाना नाही म्हणजे पुढे बोलणंच नाही.

मग घरी काय करायचं? सोसायटीजवळच्या टर्फवर पाच-पाच जणांचा खेळ मजेचा असतो, पण अकरा जणांचा फुटबॉल वेगळा. मुलाला पूर्ण मैदानावर, जिल्हा पातळीच्या स्पर्धांत खेळू द्या. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जायचं तर नगर रोडची कोंडी आणि पुढे अख्खं शहर ओलांडणं. त्यात अभ्यासाचे तास जातात, हे मान्य. त्यामुळे रोज लांबच्या अकादमीत नेण्यापेक्षा जवळचा चांगला प्रशिक्षक आणि शनिवार-रविवारचे सामने बरे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे नोंदणी खऱ्या जन्मतारखेनेच करा. वय लपवलं की हाडांच्या चाचणीत ते उघड होऊ शकतं आणि बंदी येते.

संघात जागा मिळाली नाही तरी या खेळात कामं आहेत: आशियाई फुटबॉल महासंघाचे (एएफसी) सी पासून प्रो पर्यंतचे प्रशिक्षक परवाने, पंच, फिजिओथेरपी, सामन्यांचं विश्लेषण. शिवाय राज्य सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. मुलगी असेल तरीही हेच सगळं लागू.

अठरा वर्षांपर्यंत शाळा-कॉलेज आणि मैदान दोन्ही चालू ठेवा. मग मुलाच्या प्रशिक्षकाला समोर बसवून विचारा, हा नेमका कोणत्या पातळीवर खेळू शकेल? उत्तर मनाविरुद्ध आलं, तरी मुलावर राग काढू नका.