फळबागायतदारांचे मंडळ : त्याचे कार्य व सामाजिक जीवन

सोयाबीन किंवा तूर पेरणाऱ्या शेतकऱ्याची चूक त्याच हंगामात उघडी पडते. बियाणे वाईट निघाले तर आठ-दहा दिवसांत कळते आणि पुढील वर्षी ती चूक सुधारता येते. फळझाडांची गोष्ट निराळी आहे. संत्र्याची कलम लावल्यापासून पाच-सहा वर्षे तिची जोपासना करावी लागते आणि कलम कशी होती याचा खरा निकाल त्यानंतरच लागतो. तोपर्यंत विहिरीचे पाणी, शेणखत, मजुरी आणि आयुष्याची काही वर्षे खर्ची पडलेली असतात. अशी चूक एका मनुष्याने जन्मात दोन वेळा केली तर तिसरी बाग लावण्याचे बळ त्याच्यात उरत नाही. म्हणूनच फळबागायतदाराला दुसऱ्याच्या अनुभवाची गरज अधिक असते, आणि तो अनुभव मिळण्याचे साधन म्हणजे बागायतदारांचे मंडळ होय.

मंडळाची आवश्यकता

वाशीम जिल्ह्यातील बहुतेक शेती पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहे. तथापि कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव, रिसोड इत्यादी तालुक्यांत विहिरीच्या आधारावर संत्र्याच्या बागा उभ्या आहेत. सहा मीटर अंतरावर लागवड केल्यास हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. दोन हेक्टर बागेतील पाचवा हिस्सा झाडे डिंक्या रोगाने वाळली, तर शंभराहून अधिक झाडांची अनेक वर्षांची मेहनत वाया गेली असे समजावे.

ही झाडे का वाळली, या प्रश्नाचे उत्तर एका बागेत बसून सापडत नाही. एक म्हणतो जमीन चोपण, दुसरा म्हणतो पाणी जास्त झाले, तिसरा नशिबाला दोष देतो. परंतु वीस बागायतदारांनी आपापल्या बागांची माहिती एकत्र मांडली, तर जमिनीचा पोत, खुंटाची जात, कलम आणल्याचे ठिकाण, पाणी देण्याची पद्धत आणि झाडांची मर यांचा मेळ घालता येतो. एकट्याला वीस वर्षांत जे कळले असते, ते मंडळाला एका वर्षात कळू शकते.

पूर्वीची उदाहरणे

झाडांच्या आवडीने माणसांनी एकत्र येणे महाराष्ट्राला नवीन नाही. पुण्याचे एम्प्रेस गार्डन चालविणारी पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था १८३० साली स्थापन झाली. तेथे दरवर्षी भरणारे पुष्पप्रदर्शन हौशी माणसांच्या मेळाव्याचे ठिकाण झाले आहे.

फळबागायतदारांच्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचे आहे. १९६० साली स्थापन झालेल्या या संघाचे पुणे, नाशिक, सांगली आणि सोलापूर असे विभाग आहेत. वार्षिक अधिवेशन आणि ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक यांच्या द्वारे एका बागेतील अनुभव हजारो बागांपर्यंत पोहोचतो. तासगाव भागातील वसंतराव आर्वे यांनी निवडलेला ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी निवडलेला ‘सोनाका’ हे वाण शेतकऱ्यांच्या स्वतःच्या निरीक्षणातून निर्माण झाले. आपल्या बागेतील एखादी वेगळी फांदी किंवा वेल ओळखणारा डोळा आणि तिची काडी दुसऱ्यास देणारा हात, या दोहोंचा योग जुळला म्हणजे असे वाण गावोगाव पसरतात.

मंडळाची रचना

आरंभी मंडळ लहान असावे. एकमेकांच्या बागेत सायकलीने किंवा मोटारसायकलीने सहज जाता येईल अशा अंतरातील पंधरा ते पंचवीस बागायतदार पुरेसे होत. एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि एक खजिनदार नेमावा. चिटणीसपदी लिहिण्याची आवड असलेला तरुण निवडल्यास काम नेटके चालते. वर्गणी सर्वांना झेपेल अशी असावी आणि तिचा हिशोब प्रत्येक बैठकीत वाचून दाखवावा. काम वाढल्यावर मंडळाची नोंदणी, कृषी खात्याच्या ‘आत्मा’ योजनेतील गट अथवा शेतकरी उत्पादक कंपनी यांचा विचार करावा. परंतु आधी कागद आणि मग काम असा उलटा क्रम ठेवू नये.

बागेची वही

प्रत्येक सभासदाने बागेची एक वही ठेवणे हा मंडळाचा पहिला नियम असावा. तीत पुढील गोष्टी लिहाव्यात : कलमा कोठून व केव्हा आणल्या, खुंट जंभेरीचा की रंगपूर लिंबाचा, डोळा जमिनीपासून किती उंचीवर बांधला होता, किती झाडे लावली, किती मेली, कोणता बहार धरला, ताण किती दिवस दिला आणि फळ कोणत्या भावाने गेले.

या वहीचा उपयोग सर्वांत जास्त कलमा खरेदी करताना होतो. मृग नक्षत्राच्या तोंडावर गाडी भरून दारात येणाऱ्या कलमा स्वस्त असल्या, तरी त्यांचे मातृवृक्ष कोणी पाहिलेले नसतात. मंडळाने दोन जाणत्या सभासदांना नोंदणीकृत रोपवाटिकेत आधी पाठवावे. वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्धच आहे. मातृवृक्ष निरोगी आहे काय, मुळे पांढरी व तंतुमय आहेत काय आणि डोळा जमिनीपासून सुमारे २० ते २५ सेंटिमीटर उंचीवर बांधला आहे काय, हे पाहून सर्वांची खरेदी एकत्र करावी. लागवड करताना डोळा मातीखाली जाऊ देऊ नये, कारण डिंक्याचा शिरकाव बहुधा तेथूनच होतो.

मासिक बैठक व शिवारफेरी

बैठक चावडीपेक्षा सभासदाच्या बागेत भरविणे इष्ट होय. पाळीपाळीने प्रत्येकाची बाग यावी आणि यजमानाने चहापाण्यापलीकडे खर्च करू नये असा दंडक ठेवावा. अन्यथा गरीब सभासद आपली पाळी टाळू लागतो आणि हळूहळू मंडळातून बाहेर पडतो.

प्रथम सर्वांनी मिळून बागेची फेरी करावी. यजमानाने चांगली झाडे दाखवावीत, आणि सर्वांत वाईट झाडही दाखवावे. मंडळाची खरी परीक्षा येथेच होते. आपले वाळलेले झाड चारचौघांपुढे उघडे करणे मानी शेतकऱ्याला जड जाते. म्हणून अशा वेळी हसणे किंवा टोमणा मारणे कटाक्षाने टाळावे आणि वडीलधाऱ्या सभासदाने स्वतःची फसलेली गोष्ट प्रथम सांगावी. एकाने सांगितले म्हणजे दुसऱ्याचे तोंड उघडते.

फेरीनंतर हंगामाला धरून एखादे प्रात्यक्षिक ठेवावे. पावसाळ्यापूर्वी बोर्डो मलम करून दाखवावे. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, दोन्ही मिळून दहा लिटर पाणी होईल असे प्रमाण ठेवावे आणि नंतर ते एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. स्वच्छ विळा मलमात बुडविल्यावर त्याच्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवावा. हे मलम खोडास सुमारे एक मीटर उंचीपर्यंत लावावे आणि पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा लावावे. डिसेंबर-जानेवारीत आंबिया बहाराच्या ताणाविषयी चर्चा ठेवावी. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. त्यामुळे शेजाऱ्याने पाणी सोडले म्हणून आपणही सोडले, असे करून चालत नाही.

एकट्याने न होणारी कामे

काही कामे एका बागेपुरती केल्यास व्यर्थ जातात. काळी माशी कोवळ्या पानांच्या मागील बाजूस अंडी घालते. तिच्या पिल्लांनी टाकलेल्या चिकट द्रवावर कोळशी वाढून झाड काळवंडते. एकाने फवारणी केली व शेजाऱ्याने केली नाही, तर उडणारी माशी पुन्हा परत येते. यासाठी कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने सर्व शिवारात एकाच सुमारास फवारणी करावी.

आंबिया बहाराची फळे पक्व होऊ लागली म्हणजे रसशोषक पतंग रात्री त्यांना छिद्रे पाडतात. या पतंगाच्या अळ्या बागेत नसतात, तर बांधावरील गुळवेल व वासनवेल यांवर वाढतात. बांध दोघांचा असतो, म्हणून बागेलगतचा बांध स्वच्छ करणे, गळलेली फळे पुरून टाकणे आणि सायंकाळी ठिकठिकाणी धूर करणे ही कामे सर्वांनी मिळूनच करावी लागतात.

विक्रीच्या बाबतीतही असेच आहे. बाग उक्ती देताना व्यापारी प्रत्येकाशी वेगळा भाव बोलतो. भाव पडल्यास विसार सोडून निघूनही जातो. सभासदांनी मिळालेला भाव एकमेकांपासून लपविला नाही आणि सौदा लेखी केला, तर पुष्कळ नुकसान टळते.

मंडळाचे सामाजिक जीवन

केवळ रोग आणि भाव यांवर मंडळ फार काळ टिकत नाही. हिवाळ्यात एखाद्या सभासदाच्या शेतावर हुरड्याचा बेत करावा. वर्षातून एकदा अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था पाहण्यास सहल काढावी. बागेतील खुडणी, वेचणी व निवड यांत स्त्रियांचे श्रम मोठे असतात. त्यामुळे बैठकीत त्यांना केवळ चहा करण्यापुरते स्थान असू नये. संक्रांतीच्या हळदीकुंकवास वाण म्हणून शेवगा, कढीपत्ता किंवा जास्वंदीचे रोप देण्याची प्रथा पाडल्यास प्रत्येक परसात एक झाड वाढते.

उन्हाळ्यात एखाद्या सभासदाची विहीर आटली तर त्याची लहान झाडे जगविण्यास शेजाऱ्यांनी पाळीने पाणी द्यावे. घरात आजारपण किंवा मृत्यू आला तर ताण तोडण्याचे पाणी अथवा फळांची तोडणी मंडळाने अंगावर घ्यावी. झाड माणसाच्या दुःखासाठी थांबत नाही. अशा एका प्रसंगाने मंडळ जितके घट्ट होते, तितके दहा ठरावांनी होत नाही.

समारोप

फळझाड लावणारा मनुष्य पुढील पिढीचा विचार करणारा असतो. त्याने आपली चूक झाकून ठेवली, तर तीच चूक शेजाऱ्याचा मुलगा पुन्हा करील. ती सांगितली, तर एका बागेच्या नुकसानीतून वीस बागा वाचतील. मंडळाचे सर्व कार्य या एका गोष्टीसाठी आहे.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या गावात किती बागा आहेत आणि त्यांतील कलमा कोठून आल्या, हे कोणी लिहून ठेवले आहे काय?
२. मागील पाच वर्षांत वाळलेल्या झाडांची कारणे कोणती?
३. आपल्या शिवारात कोणती कामे सर्वांनी एकाच वेळी करणे जरूर आहे?
४. पहिली बैठक कोणाच्या बागेत व केव्हा भरविता येईल?