परिसर-अभ्यास पाठ : ताम्हिणीची दरी व तिचे रक्षण

हेतू : मुळशीच्या मुलांना कडे व धबधबे नवे नाहीत. ही दरी कशी घडली आणि ती राखण्यात आपला वाटा कोणता, हे त्यांना समजावे.

प्रस्तावना : ‘घाटमाथ्यावरचा पाऊस कोठे जातो?’ असे विचारून शिक्षकाने फळ्यावर आकृती काढावी. माथ्याच्या पूर्वेचे पाणी मुळा, भीमा व कृष्णा या नद्यांतून बंगालच्या उपसागरास जाते. पश्चिमेचे पाणी कड्यांवरून कोसळून कुंडलिकेतून अरबी समुद्रास मिळते. मुळशी धरणाचे पाणी मात्र १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहात जाऊन तेथून कुंडलिकेत उतरते. पूर्वेचे पाणी मनुष्याने पश्चिमेस वळविले ते असे.

विषयनिवेदन : सह्याद्रीचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. काही थर कठीण, काही ठिसूळ. पाण्याने ठिसूळ थर झिजला की वरच्या कातळाचा आधार सुटतो, तो कोसळतो आणि कडा मागे सरकतो. दरी अशी वाढत गेली. उतारावरची माती मात्र पातळ असून झाडांच्या मुळांनी ती धरून ठेवली आहे. याच रानात आपला राज्यप्राणी शेकरू राहतो. त्याच्या व इतर वन्यजीवांच्या रक्षणासाठी २०१३ साली सुमारे ५० चौरस किलोमीटरचे ताम्हिणी अभयारण्य जाहीर झाले.

प्रयोग : दोन तिरप्या फळ्यांवर माती पसरावी, एकीवर मुळांसह गवत बसवावे. दोहोंवर झारीने सारखेच पाणी घालून खाली जमलेले पाणी मुलांना दाखवावे. गढूळ पाण्याबरोबर काय गेले, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे.

चर्चा : यानंतर वणव्याचा विषय काढावा. राब भाजताना उडालेली ठिणगी किंवा वाटसरूने टाकलेली विडी डोंगर जाळते. पुढच्या पावसात तेथील माती उघडी पडते. मुले कदाचित घरच्यांची नावे घेतील. अशा वेळी कोणासही दोष देऊ नये. राब भाजण्यापूर्वी भोवतीचे गवत काढणे व वारा पडलेला पाहणे, एवढे मुलांनी घरी सांगितले तरी पाठ सार्थकी लागला.

स्वाध्याय :
१. आपल्या ओढ्याचे पाणी कोणत्या नदीस मिळते?
२. गावच्या देवराईतील पाच झाडांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
३. पहिल्या पावसानंतर ओढ्याच्या पाण्याचा रंग आठवडाभर नोंदवा.

सूचना : पावसाळ्यात मुलांना कड्यांवर वा प्रवाहात नेऊ नये, ओढ्याची नोंद काठापासून दूर उभे राहूनच घ्यावी. अभयारण्यात सहल न्यावयाची असल्यास वनखात्याची अनुज्ञा आधी घ्यावी.