छपाई बिघडते तेव्हा : घरगुती इंकजेट प्रिंटरची निगा

अर्ज, प्रकल्प-अहवाल, हिशोबाचे तक्ते अशा कितीतरी गोष्टी आज घरच्या घरी छापता येतात. जोयड्यासारख्या डोंगराळ तालुक्यात तर घरचा प्रिंटर हा मोठाच आधार होय. परंतु ऐन वेळी अक्षरे पुसट येऊ लागली की आपण घाईने ‘क्लीनिंग’ची आज्ञा देत सुटतो. दोष न ओळखता केलेल्या या उपायाने शाई मात्र संपते. म्हणून प्रथम यंत्राचे कार्य समजून घेऊ.

१९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीत तापलेली सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या सुईला चुकून लागली आणि सुईतून शाई उडाली. इचिरो एन्डो यांनी त्यातले तत्त्व ओळखले : उष्णतेने शाईत बुडबुडा निर्माण होतो व तो थेंब बाहेर फेकतो. एप्सनच्या इंकजेटमध्ये हेच काम विजेने वाकणारा स्फटिक करतो. पद्धत कोणतीही असो, शाई केसाहून बारीक छिद्रांतून येते. ती तेथे सुकली की छिद्र बुजते.

आता दोषांकडे वळू.

१. आडव्या पांढऱ्या रेघा : छिद्रे बुजल्याची ही खूण. मराठीत शिरोरेघ तुटते, अनुस्वार गळतो. कन्नडमध्ये ओत्तक्षर अर्धवट उमटते. आकड्यातील टिंब गळाले तर १२.५० चे १२५० होतात! प्रथम ‘नोझल चेक’चा नमुना छापावा. त्यात रेषा तुटलेल्या दिसल्या तरच एकदा क्लीनिंग करून पुन्हा नमुना पाहावा. दोन-तीन वेळा करूनही फरक नसेल तर रात्रभर थांबावे. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई छिद्रांतून ओढून आतल्या पॅडमध्ये टाकली जाते, हे विसरू नये.

२. काना दुहेरी दिसणे : हेड जाताना व येताना छापते, दोन्ही फेऱ्या जुळत नाहीत. येथे ‘अलाइनमेंट’ करावी.

३. रंग बदलणे : नमुन्यात एखादा रंग गायब आहे का, ते पाहावे. शाईची पातळीही तपासावी.

४. नमुना चांगला, पण छपाई फिकट : ‘ड्राफ्ट’ची निवड झाली आहे का, कागदाचा प्रकार बरोबर दिला आहे का, हे पाहावे.

५. शाई पसरणे : येथे बहुधा यंत्र निर्दोष असते, कागद दमट असतो. आपल्या शेजारी दांडेलीला १९५५ साली स्थापन झालेली वेस्ट कोस्ट पेपर मिल आहे. पण कागद कोठलाही असो, जोयड्याच्या पावसाळ्यात तो ओल धरतोच. उघडे रीम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावे व लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये ठेवावेत.

प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसते. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड उघडेच राहते. वीज येताच प्रिंटर चालू करून मग रीतसर बंद करावा. आठवड्यातून एक रंगीत पान छापल्यास शाई सुकत नाही.

तेरीज जुळली नाही म्हणून वाणिज्य शाखेचा विद्यार्थी सगळ्या नोंदी खोडत नाही. फरक कोठे आहे ते तो शोधतो. प्रिंटरलाही हाच नियम लागू आहे : आधी नमुना, मग निदान आणि शेवटी उपाय.